ड्रममधली गोधडी

पुसेगावच्या दत्तप्रसादला बँडपार्टीत ड्रम वाजवायचा होता. कुणाचा तरी जुना ड्रमसेट आणून त्याने घरात सराव सुरू केला, तशी शेजारच्या सुभद्राबाईंची म्हैस पान्हा चोरू लागली. "बापा, माझ्या म्हशीची धार आटवून राहिलास तू!" बाई दारात येऊन ओरडल्या.

मग या शहाण्याने आवाज दाबायला उपाय काढला. बायकोने, मोहिनीने, बाळंतपणासाठी शिवलेली नवी गोधडी त्याने मोठ्या ड्रममध्ये कोंबली आणि छोट्यांवर तिचे परकर ताणले.

"लेकराच्या अंगावर काय घालू? तुमचा ड्रम?" मोहिनी म्हणाली.

"कलाकाराला तकलीफ देऊ न्हाई."

आवाज उठेना म्हणून कलाकार रोज हात जड करत गेला. कनेरगाव नाक्याच्या लग्नात बँडपार्टीने त्याला संधी दिली, तिथे त्याच हाताने त्याने पहिला ठोका दिला आणि बँडमालकाच्या ड्रमवर ताणलेलं पान फाटलं. मालकाने त्याला वरातीतूनच घरी हाकललं.

मोहिनीने गोधडी ओढून काढली. तिला धुळीचा, कुबट वास येत होता.

"हात लई तयार झाला व्हता माझा," तो पुटपुटला.

"व्हय, गोधडी धोपटायला बराबर झालाय," तिने गोधडी त्याच्या खांद्यावर टाकली. "जा नदीवर. तिथं म्हैस न्हाई, मन लावून वाजवा."