पाण्याकडे पाठ करून बसणाऱ्या वेणूताई

वेणूताईंनी अकरा वर्षं लोकांना गंगेतले सूँस दाखवले आणि स्वतः एकही पाहिला नाही. सूँस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. आदिकेशवापाशी वरुणा येऊन मिळते तिथं पाणी खोल आहे, आणि दिवस कलता कलता तो तिथं श्वास घ्यायला वर येतो. रामधनी नावाडी "दहिने देखीं, दहिने!" असं ओरडला की अख्खी नाव उजवीकडे वळायची. वेणूताई मात्र टोकाच्या फळीवर पाण्याकडे पाठ करून आमच्या तोंडांकडे बघत बसायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, एकदा तरी वळून बघा की." त्या म्हणाल्या, "तू बघ. मला माझी माणसं बघू दे."

त्या ब्रह्मा घाटावरच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बनारसी. त्यांचे यजमान मराठी यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करायचे. ते गेल्यावर तो मान दिरांकडे गेला आणि वेणूताईंनी आपला वेगळा उद्योग काढला. दर रविवारी देशावरून, कोकणातून, विदर्भातून आलेली पंधरावीस माणसं घेऊन निघायचं. सकाळी कालभैरव, विश्वेश्वर, अन्नपूर्णा, बिंदुमाधव. दुपारी त्यांच्याच घरी पिठलं-भात. आणि चार वाजता नाव. लोक देवळात गर्दी करून एकमेकांना चेंगरायला लागले की त्या म्हणायच्या, "आराम से चला हो! देव पळून जात नाहीत, माणसं जातात. माणसांवर ध्यान ठेवा." लोक हसायचे. मीही हसायचो.

नव्वदीच्या दशकात माझी बँकेनं बनारसला बदली केली. दूधविनायकात दोन खोल्या घेऊन मी एकटा राहत होतो. भाजीवाल्याशी माझं तोडकं हिंदी ऐकून वेणूताईंनी मला गल्लीत थांबवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जेवतोस कुठं?" त्यानंतर माझे बहुतेक रविवार त्यांच्या यात्रेत गेले. मी मुळात भित्रा माणूस. गल्लीतल्या सांडाला भितो, पाण्याला तर फारच. नावेत मी मधोमध बसायचो आणि दोन्ही हातांनी फळी धरायचो. ताई म्हणायच्या, "घबरायचं नाही, सुधीर. तू फळी धरलीस, म्हणजे तुला परत जायचंय. मला तुझी फिकीर नाही." या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो ज्या दिवशी कळला तो दिवस मी कधीच विसरणार नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. सकाळी कालभैरवाच्या दारात सगळे जमले की त्या प्रत्येकाला विचारायच्या, "मावंदं कधी?" काशी करून आलेला माणूस घरी गंगापूजन करतो, चार लोकांना जेवू घालतो, ते मावंदं. कोणी म्हणे, मुलगा दिवाळीत येईल तेव्हा. कोणी म्हणे, आचारी मिळाला की. मग त्या गंगाजळाची तांब्याची सीलबंद गडवी घ्यायला लावायच्या आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायच्या. मला वाटायचं, बाईंचा बोलका स्वभाव, दुसरं काय!

एका वर्षी वैशाखात माझी आई गेली. कार्तिक सरल्यावर वडील साताऱ्याहून एकटेच माझ्याकडे आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. एस.टी.त तेहतीस वर्षं कंडक्टर. निवृत्त झाले तरी चार माणसं दिसली की बोटानं हवेत टिचक्या मारत मोजायचे. लग्नाची पंगत असो नाहीतर दवाखान्यातली रांग. आई म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी सीटा मोजतील." ते आले तेव्हा अगदी शांत होते. मला बरं वाटलं. दुःख ओसरलं, असं मी समजलो.

रविवारी सकाळी निघताना दादांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. डेपोतल्या मंडळींनी निरोपाच्या वेळी दिलेलं घड्याळ. "तूच ठेव. मला सैल होतंय." मी ते आनंदानं बांधलं. केवढा मूर्ख मी!

कालभैरवापाशी वेणूताई आमच्यापर्यंत आल्या. "तर तुम्ही कंडक्टरसाहेब! सुधीरनं सांगितलंय. मावंदं कधी करताय?"

दादा हसले. "बघू."

"गडवी कोणती देऊ? ही लहान घ्या, प्रवासात सोयीची."

"नको ताई. असू द्या."

ताई पुढच्या माणसाकडे गेल्या. पण त्यानंतर दिवसभर त्या दादांच्या दोन पावलं मागं चालत होत्या. विश्वेश्वराच्या रांगेत, अन्नपूर्णेच्या पायऱ्यांवर, गल्लीत सायकली येत होत्या तिथंही. त्याचा अर्थ माझ्या लक्षातही आला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. "यांनी तुला आज काही दिलं काय?"

मी मनगट पुढं केलं. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग सावकाश बोलू लागल्या. त्यांच्या पहिल्याच वर्षी एक बाई एकट्याच यात्रेला आल्या होत्या. गडवी घेतली नव्हती. मावंद्याचं विचारल्यावर "कोण करणार?" म्हणाल्या होत्या. संध्याकाळी रामधनी ओरडला तेव्हा सगळे वळले, वेणूताईही वळल्या. सूँस त्यांना दिसला नाही, त्या शोधत राहिल्या. परत वळल्या तेव्हा फळीवर बाईंची पिशवी होती आणि बाई नव्हत्या.

"किती वेळ मी तिकडं बघत होते, कोण जाणे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली, रोज मनात मोजते. बहुत देर बघत राहिले असणार मी."

बाहेर ओसरीवर दादा बडीशेप चघळत कोणाशी तरी साताऱ्याच्या थंडीबद्दल बोलत होते, आणि त्यांच्या त्या साध्या आवाजाचीच मला भीती वाटायला लागली. "ताई, मग त्यांना नावेत न्यायलाच नको. मी घरी घेऊन जातो."

"घाट किती आहेत इथं? किती घाटांवर पहारा देशील? माझ्या नावेत ते माझ्या डोळ्यांसमोर तरी असतील. आणि ऐक, आज मी त्यांना सरळ विचारणार आहे. न विचारण्याची चूक मी एकदा केली."

चार वाजता नाव सुटली. आम्ही अठरा जण होतो. ताईंनी दादांना आपल्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसवलं आणि सगळ्यांच्या गडव्यांची टोपली त्यांच्या मांडीवर दिली. "सांभाळा. एक जरी पडली तरी कुणाचं तरी मावंदं अडेल." दादांनी टोपली दोन्ही हातांनी धरली. मी शेजारी. घाट एकेक करून मागं जात होते, बायका आरती म्हणत होत्या, रामधनी पाण्यातली कासवं आणि पलीकडच्या रेतीवरच्या नीलगाई दाखवत होता. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी फक्त त्या टोपलीवरचे दादांचे हात बघत होतो. पुलाखालून गेलो तेव्हा वर आगगाडी धडधडली आणि मी दचकून दादांचा सदराच पकडला. ते म्हणाले, "काय रे, भ्यालास?" मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू?

पूल मागं पडल्यावर ताईंनी विचारलं. आवाज अगदी रोजचा होता. "कंडक्टरसाहेब, तुमचा घरी परत जायचा विचार नाही ना?"

दादांनी टोपलीतली एक गडवी सरळ केली. मग म्हणाले, "मावंद्याला जोडीनं बसायचं असतं, ताई. जोडी कुठाय?"

"आणि हा?" ताईंनी माझ्याकडे हात केला.

"त्याचं त्याला आहे सगळं. नोकरी आहे."

मला बोलायचं होतं. दादा, मला काही नाही हो, तुमच्याशिवाय मला कोणी नाही. तेवढ्यात वरुणेचा संगम आला आणि रामधनी ओरडला, "ऊ देखीं! दहिने, दहिने!"

सगळी माणसं उजवीकडे धावली. नाव कलली, कोणी किंचाळलं, रामधनी "बइठ जाईं, बइठ जाईं" करायला लागला. डावीकडे फक्त आम्ही तिघं. आणि दादांनी टोपली उचलून हळूच बाजूला फळीवर ठेवली. एकही गडवी न वाजवता. दोन्ही हात मोकळे करून ते उठायला लागले. मी त्यांचा सदरा घट्ट धरला होता, पण माझ्या बोटांत जोरच नव्हता.

"कंडक्टरसाहेब!" ताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की रामधनीही गप्प झाला. "सीटा मोजा! नाव कलली, कोणी पडलं असेल! मोजा आधी!"

दादा थबकले. तेहतीस वर्षांचा हात आपोआप वर गेला. बोटं टिचक्या मारायला लागली. पुढून मागं, मागून पुढं. "सतरा," ते म्हणाले.

"अठरा होते सुटताना. परत मोजा."

दादांचा चेहरा बदलला. एक माणूस कमी आहे म्हटल्यावर त्यांना कधी झोप लागायची नाही. त्यांनी वाकून वाकून मोजलं, ओठ हलत होते, कपाळावर घाम आला. "सतराच आहेत! ताई, सतराच! कोण गेलं? रामधनी, थांबव नाव!"

वेणूताईंनी त्यांची दोन्ही मनगटं धरली. "कोणी गेलं नाही. तुम्ही स्वतःला धरलं नाहीत."

दादा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. वैशाखानंतर पहिल्यांदाच. मी त्यांना मिठी मारली, तेव्हा माझेही शब्द सुटले, काय बोललो ते मला आठवत नाही. लोक सूँस बघून परत आपापल्या जागी आले. त्यांना वाटलं, म्हातारा भ्याला. ताईंनी टोपली परत त्यांच्या मांडीवर ठेवली. तिच्यात एक गडवी जास्त होती, दादांच्या नावाची चिठ्ठी लावलेली. सकाळीच घेऊन ठेवली असणार.

"आम्ही काशीकर, आमचं मावंदं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकट्यानं करा. आणि मला पत्र टाका. पत्र येईपर्यंत मला चैन पडायची नाही, हे ध्यानात असू द्या."

एका संध्याकाळीत सगळं बरं झालं असं नाही. मी रजा काढून साताऱ्याला गेलो, सासरहून बहिणीला बोलावलं, डॉक्टरांकडे नेलं. कित्येक महिने दादा अंघोळीला जरा जास्त वेळ लावत, तेव्हा मी दाराबाहेर उभा राहायचो. पण माघात मावंदं झालं. वीस पानं उठली. दादांनी स्वतः पोस्टकार्ड लिहिलं आणि वेणूताई ते पुढचे कितीतरी रविवार कमरेच्या पिशवीत घेऊन हिंडत होत्या.

वेणूताई आता नाहीत. ब्रह्मा घाटावरच्या घरात, दिवसाउजेडी, माणसांच्या घोळक्यात गेल्या. दादाही त्यानंतर गेले, म्हातारपणानं, आपल्या अंथरुणात. पण दोघांची आठवण निघाली की मला पुढच्या कार्तिकातली संध्याकाळ दिसते.

दादा पुन्हा आले होते, आपण होऊन. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. नाव संगमापाशी आली तेव्हा ते उठून वेणूताईंसमोर उभे राहिले. "ताई, आज जागा बदलू. तुम्ही नदीकडे तोंड करा. माणसांचं मी बघतो."

"नको हो. मला नाही जमायचं." मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

"तेहतीस वर्षं हेच केलंय. एकही प्रवासी वाटेत सांडला नाही."

त्या उठल्या. दादा पाण्याकडे पाठ करून टोकाच्या फळीवर बसले. ताई माझ्या शेजारी आल्या आणि माझा दंड धरून पाण्याकडे बघायला लागल्या. त्यांची नखं माझ्या दंडात रुतत होती. दोनदा त्यांची मान मागं वळायला निघाली आणि दोनदा त्यांनी ती आवरली. मग समोरच फुस्स असा आवाज झाला, करडी ओली पाठ वर आली आणि गेली. पापणी लवते न लवते तोच पाणी परत सपाट झालं.

ताई तशाच बघत राहिल्या. "संपलं?"

"संपलं, ताई."

"एवढाच वेळ? सुधीर, एवढाच वेळ असतो हा?" त्यांचा आवाज फुटला. "मला वाटत होतं, मी किती वेळ बघत बसले…"

मागून दादांच्या बोटांच्या टिचक्या ऐकू येत होत्या, पुढून मागं, मागून पुढं. मग त्या थांबल्या.

"एकवीस," दादा म्हणाले. "सगळे जागेवर आहेत, ताई. तुम्हाला आणि मला धरून."