विडी सुटली आणि आकडा वाढला

उमरग्यातल्या आमच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे एक यंत्र आहे. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी तोंडात धरून भरपूर आत ओढायचा आणि मग दहा सेकंद सावकाश, एकसारखं फुंकायचं. त्या श्वासातला एक वायू मोजून यंत्र आकडा देतं. दमेकऱ्याच्या श्वासनळ्यांना आतून किती सूज आहे, याचा बाई त्यावरून अंदाज बांधतात. गेल्या वर्षी माझा आकडा अठराच आला, म्हणजे सूज कमी. बाई खूश झाल्या.

"विडी-सिगारेट?" त्यांनी विचारलं. बायको शेजारीच होती.

"छे! शाळामास्तर आहे मी," मी म्हणालो. बाईंनी माझ्या दम्याच्या पंपाचा डोस कमी केला.

साफ खोटं बोललो होतो. हायवेवर ट्रक थांबतात, तिथल्या टपरीमागं रोज चार-पाच विड्या होत होत्या. कपड्यांना वास यायचा आणि खापर फुटायचं मेहुण्याच्या डोक्यावर. तो बेंबळीला शेती करतो, विडी ओढतो आणि तेव्हा सारखा बहिणीला भेटायला यायचा. एकदा बायकोनं त्याला माझ्यासमोरच सुनावलं, "तुझ्या धुरानं ह्यांचा दम वाढतोय. विडी सुटल्याबिगर माझ्या दारात यिऊ नगं." तो मान खाली घालून गेला. मी गप्प बसलो आणि त्या दिवसापासून बडीशेप चघळत घरी येऊ लागलो.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका करतात तसं माझ्या बायकोनं अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. मला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवसापासून विडी बंद केली, कुणाला न सांगता.

चार महिन्यांनी पुन्हा यंत्रात फुंकलं. आकडा बासष्ट!

"पंप घेत नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. एक दिवस चुकवला नव्हता, बायको साक्षीला होती. पुन्हा फुंकलं. एकसष्ट. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मला काही उमजेना. विडी होती तेव्हा अठरा, सोडली तर एकसष्ट. म्हणजे विडीच दम्याला दाबून ठेवत होती की काय? खोटं कशाला सांगू, टपरीवर जाऊन एक ओढावी आणि परत येऊन फुंकावं, असंही मनात येऊन गेलं.

घरात मांजर आहे का, शेळ्या आहेत का, बाई विचारत राहिल्या. तेवढ्यात बायको म्हणाली, "मॅडम, माझ्या भावाच्या विडीचा धूर आजून आत बसला आसंल का? त्याला तर म्या कवाच बंद केलंय."

ते मात्र मला ऐकवेना. "विडी मी ओढत होतो," मी म्हणालो. "दिवाळीनंतर सोडली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, विडी ओढणाऱ्याचा आकडा फसवा असतो, कमी दाखवतो. सूज तेव्हाही असणार. खरं सांगितलं असतं तर मी डोस उतरवलाच नसता."

पंप पुन्हा वाढवून मिळाला. दवाखान्याच्या पायरीवर आल्यावर बायकोनं भावाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"विडी मी ओढत होतो," मी कसंबसं म्हणालो. "बोल तुला लागला."

पलीकडून मेहुण्याचा आवाज आला.

"मला तवाच ठाव होतं, दाजी. माझ्या बंडलातनं दोन-दोन कमी व्हायच्या की. आक्काला बोललो न्हाय. लई इस्वास हाय तिचा तुमच्यावर." मग त्यानं विचारलं, "दम कसा हाय आता?"

बायकोनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि ती पायरीवर बसली. मेहुणा फोनवर "दाजी? दाजी?" करत राहिला. "घरी ये आणि तूच बघ," मी म्हणालो.