सुमतीबाईंचं प्रॅक्टिकल

भिवंडीच्या एका नर्सिंग शाळेत सुमतीबाई मुलींना जंतुशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवत. लग्न झालं नाही, भाऊ कधीचा बडोद्याला गेलेला. घरी बोलायला कोणी नाही. जे बोलायचं ते बाई वर्गातच बोलून घेत. कुणी काचेची स्लाइड ज्योतीवर जास्त वेळ धरली, की म्हणत, "अगं, पापड भाजतेस का?" मुली खिदळत, आणि बाईंचा दिवस भरून निघे.

म्हणूनच एक्याण्णव साली दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर वर्ग गेला असता. मायक्रोस्कोपात एका वेळी एकालाच पाहता येतं, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. "काय दिसतंय, सांग बघू?" असं त्या मुलीलाच विचारत आणि उत्तर ऐकून मान डोलावत.

वार्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. जंतूंचे नमुने त्यांनीच आणले होते; कशात कोणते जंतू, हे बाईंना ठाऊक नव्हतं. "बाई, स्लाइडी तुम्ही तपासा. मी तोंडी घेतो."

दिघाशी गावच्या चंद्राची पाळी आली. "गुलाबी हायेत बाई. समदे गुलाबी."

बाई वाकल्या. दुधात पाहावं तसं नुसतं पांढरं. चंद्राचा हात सढळ. रंगवलेली स्लाइड स्पिरिटने जास्त धुतली, की जांभळे राहायला हवेत ते जंतूही गुलाबी दिसतात, आणि पुढे रोग्याला भलतंच औषध जातं. मान डोलावली असती तर भागलं असतं. चंद्रा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"सर, ही तुम्ही बघा. मला दिसत नाही."

"उजेड कमी आहे का?"

"उजेड आहे. डोळे गेलेत."

परीक्षकांनी पाहिलं. "जास्त धुतलंस गं. पुन्हा कर."

दुसरी स्लाइड जांभळी आली. चंद्रा पास झाली. बाईंचा वर्ग काढून त्यांना काचसामानाच्या खोलीत कामाला बसवलं.

निरोप घ्यायला चंद्रा तिथे आली. "बाई, डोळ्यांच्या ऑपरेशनला तुमच्यासंगं कोन?"

"बघू."

"बघू काय? मी येते."

"नवी नोकरी तुझी. ड्युटी लागेल."

"न्हाय लागत!"

लागली. ठाण्याच्या इस्पितळात बाई एकट्याच गेल्या. डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या असताना कुणी नर्स इंजेक्शन द्यायला आली.

"हात धुतलेस का गं?" बाईंनी विचारलं.

"हो आजी," ती म्हणाली, आणि सुई टोचून पुढच्या खाटेकडे गेली.