पॉइंट सरकवणारी

माझ्या बहिणीच्या मोठ्या मुलीला राग आला की ती आरडाओरडा करत नाही. गप्प बसते आणि कामाला लागते. आठ वर्षांची असताना धाकट्या बहिणीने तिची रंगांची पेटी फोडली, तर ही रडली नाही की आईकडे तक्रार घेऊन गेली नाही. दुपारभर बसून तिने धाकटीच्या चित्रांच्या वहीतल्या प्रत्येक माणसाला काळ्या शाईने मिशा काढल्या. बायकांना, पाळण्यातल्या बाळांना, सगळ्यांना. आम्ही मोठी माणसं पोट धरून हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

मी त्यांची मावशी. त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते, शिवणकाम करते. घरात त्यांना मोठी आणि धाकटीच म्हणतात, मीही तसंच म्हणते.

मोठी मेहनती आणि धाकटी हुशार, हा शिक्का आम्हीच मारला होता. मोठीने एखादी गोष्ट चार वेळा लिहून काढली की ती तिच्या डोक्यात बसायची. धाकटीने पान एकदा बघितलं की आत छापलं जायचं, शाईच्या डागासकट. वयात दीडच वर्षाचं अंतर. मोठी फार्मसीच्या कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षी दोन विषयांत आपटली. वर्ष पुन्हा करायचं ठरलं. त्याच वर्षी धाकटीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. दोघी एकाच वर्गात आल्या, आणि एका बाकावर बसायला लागल्या, कारण टॅब एकच होता.

टॅब त्यांच्या बाबांनी आणला. ते लिफ्ट दुरुस्त करतात. अबोल माणूस, पण त्या दिवशी खुशीत होते. "फार्मसीला जाणाऱ्या पोरींना टॅबलेट नाही द्यायची तर काय द्यायचं?" असं म्हणून स्वतःच हसले. सोबत लिहायचं पेनही होतं. मोठीने विचारलं, "एकच?" बाबा म्हणाले, "एकाच बाकावर बसता, एकच मास्तर शिकवतो. दोन काय करायचे?"

मग वाटणी झाली. एक दिवस मोठीने वर्गात लिहायचं, एक दिवस धाकटीने. घरी सकाळी टॅब मोठीकडे, संध्याकाळी धाकटीकडे. कागदावर हे अगदी न्यायाचं दिसत होतं.

मोठीच्या नोट्स मी पाहिल्या आहेत. छापील पुस्तक झक मारेल अशा. औषधाचं नाव निळ्या रंगात, डोस लाल चौकटीत, दुष्परिणाम खाली ओळीने. मूत्रपिंडाची आकृती तर अशी काढली होती की मला ती कापून शिवावीशी वाटली. बाई जे बोलतील ते सगळं तिच्या पानावर उतरायचं, मध्ये बाई शिंकल्या असतील तर तेवढंच सुटायचं. धाकटीचा दिवस असला की पानावर तीन बाण, दोन आकडे आणि एक प्रश्नचिन्ह.

पहिलं भांडण त्यावरूनच झालं. मी तिथेच होते, पडद्यांची मापं घ्यायला वर गेले होते.

"हे काय आहे?" मोठीने टॅब धाकटीच्या नाकासमोर धरला. "पाऊण तासाच्या तासाचं हे?"

"मला कळतं त्यातलं."

"मला कळत नाही."

"म्हणून तर नापास झालीस, ताई."

स्वयंपाकघरात माझ्या बहिणीच्या हातातलं भांडं थांबलं. मोठी काही बोलली नाही. तिने टॅब टेबलावर नीट, कडेला समांतर ठेवला आणि आत निघून गेली. मला तिचं ते गप्प बसणं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टॅबचा पासवर्ड बदललेला होता. धाकटीने बाबांना सांगून तो उघडून घेतला आणि वचपा म्हणून मोठीची मूत्रपिंडाची आकृती रबर फिरवून साफ पुसली. मोठीने ती पुन्हा काढली. धाकटीने पुन्हा पुसली. मग मोठीने धाकटीचे बाणच उडवले. माझी बहीण मध्ये पडायची, दोघी तिच्यासमोर मान डोलवायच्या आणि पाठ वळली की परत सुरू. वर्गात एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि दिवसभरात एकमेकींशी चार शब्दही बोलायच्या नाहीत. एक लिहायची, दुसरी खिडकीबाहेर बघायची.

यात तेल ओतलं मी. ते लपवून उपयोग नाही.

कॉलेजच्या मुली प्रयोगशाळेत घालायचे पांढरे ॲप्रन माझ्याकडून शिवून घेतात. एक मुलगी माप द्यायला आली होती. हात वर करून उभी असताना सहज म्हणाली, "तुमच्या धाकटीच्या नोट्स नसत्या तर आम्ही सगळे बुडालो असतो. काय अक्षर आहे तिचं! आख्ख्या वर्गाला पाठवते." मी तिच्या मोबाइलवर बघितलं. पहिल्या पानावर धाकटीचं नाव, भोवती वेलबुट्टी. आतलं अक्षर मोठीचं.

मी गप्प बसू शकले असते. धाकटीला बोलावून तिचे कान उपटता आले असते. त्याऐवजी मी दोन जिने चढून वर गेले आणि मोठीला सगळं सांगितलं, वर तिखटमीठ लावून सांगितलं. तिचा अपमान मला सहन झाला नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला भांडण बघायचं होतं.

भांडण झालंच नाही. मोठी फक्त "बरं" म्हणाली.

तोंडी परीक्षेला चार दिवस होते. हृदयाच्या एका औषधाचा रोजचा डोस पॉइंट पंचवीस मिलिग्रॅम असतो. मोठीच्या लाल चौकटीत तो तसाच लिहिलेला होता. कागदावर खाडाखोड केली असती तर दिसली असती. टॅबवर टिंबाभोवती पेनाने एक गोल काढायचा आणि बोटाने ओढायचं, बस. मोठीने टिंब एक घर उजवीकडे ओढलं. दोन पॉइंट पाच. दहापट. त्या डोसने माणूस मरतो. मग तिने टॅब चार्जिंगला लावला. संध्याकाळी धाकटीने तो घेतला, चाळला आणि नेहमीसारखा वर्गाला पाठवून दिला.

परीक्षा औषधशास्त्राच्या बाईंनी घेतली. या बाई आधी इस्पितळात होत्या, मग शिकवायला आल्या, आणि त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलेलं कुणी जिवंत नव्हतं. पहिल्या मुलाने दोन पॉइंट पाच सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं वर बघितलं. तिसऱ्याने तेच सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवलं. सगळ्या वर्गात अकराजणांनी तोच आकडा सांगितला. त्यात धाकटी होती, वर्गात पहिली येणारी. तिच्याच बाकावरच्या मोठीने मात्र बरोबर सांगितलं.

बाईंनी सगळ्यांना एका खोलीत उभं केलं. "हा आकडा कुठल्या पुस्तकात आहे?"

कुणीतरी धाकटीकडे बोट दाखवून म्हणालं, "हिच्या नोट्समध्ये."

"माझ्या नाहीत त्या," धाकटी म्हणाली, "ताईच्या आहेत." तोवर महिनाभर ज्यांनी तिला थँक्यू म्हटलं होतं ते सगळे तिच्याकडे बघत राहिले.

बाई मोठीकडे वळल्या. "चुकून झालं?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. माणसाकडून चुका होतात, बाईंनी चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण मोठी म्हणाली, "नाही. मी चुका करत नाही. मुद्दाम केलं."

नंतर मी तिला विचारलं, असं का बोललीस गं? तर म्हणाली, "सगळे तिला हुशार म्हणतात. मला मूर्ख पण म्हणणार होते का?"

बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या तुझ्या हातून खरं औषध जाणार आहे. राग आला तर तेव्हाही करशील?" तीन आठवडे मोठीला वर्गात यायला बंदी झाली आणि तोंडी परीक्षेत शून्य मिळालं. धाकटीलाही बाईंनी सोडलं नाही. दुसऱ्याच्या अक्षरावर आपलं नाव घातलं म्हणून तिचे निम्मे गुण कापले. शिवाय मोठीने त्या अकराजणांच्या घरी स्वतः जायचं, प्रत्येकाच्या मोबाइलमधल्या पानावरचा आकडा आपल्या हाताने दुरुस्त करायचा आणि पालकांची सही आणायची. एका आईने तिला दारातच उभं ठेवलं. एका मुलाने तिच्या तोंडावर मोबाइल बंद केला आणि म्हणाला, "आम्ही तुझं काय बिघडवलं होतं?" अकरावी सही तिला घरातच घ्यायची होती. तिच्या आईने ती केली, पण मान वर न करता.

बाबांनी टॅब उचलून कपाटात टाकला. मोठीला एवढंच म्हणाले, "आजवर माझं पण लोकांशी भांडण झालंय. पण कुणावरचा राग काढायला मी लिफ्टचा दोर ढिला ठेवला नाही." त्यानंतर ते तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

ती वर्गात परतली तेव्हा तिच्या शेजारी कुणी बसेना. पुढची दोन वर्षं तिने एकटीने पहिल्या बाकावर बसून साध्या वहीत लिहिलं. तिच्याकडे कुणी वही मागितली नाही, तिने कुणाची घेतली नाही. पास झाली, कशीबशी नाही, चांगली. धाकटी तिच्यापुढे आठ गुणांनी होती.

आता मोठी एका मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागात आहे. वॉर्डातून आलेली चिठ्ठी तपासायचं काम तिचं. एखाद्या डॉक्टरचा आकडा नीट वाचता आला नाही तर ती चिठ्ठी परत पाठवते, ओळखीचा असो की विभागप्रमुख. तिच्या खिडकीला तिथली माणसं घाबरतात आणि पाठीमागे तिला काय काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. धाकटी औषधांच्या कंपनीत दुसऱ्या शहरात असते. दोघी एकमेकींना फोन करत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात, आणि मी आता त्यांत मीठसुद्धा घालत नाही.

मागे एकदा धीर करून मी मोठीला विचारलं, "कधी वाईट वाटतं का गं?"

ती कपडे घडी करत होती. "त्या दहाजणांबद्दल वाटतं," म्हणाली.

"आणि धाकटीबद्दल?"

तिने उशीचा अभ्रा झटकला आणि पुढचा कपडा घेतला.

माझ्या बहिणीला आता रक्तदाब आहे, साखर आहे. आठवड्याच्या गोळ्या मोठी भरून ठेवते, सात कप्प्यांच्या डब्यात, सकाळ-संध्याकाळ वेगळ्या. गेल्या महिन्यात धाकटी आली होती. चहा झाल्यावर तिने तो डबा पुढ्यात ओढला, डॉक्टरची चिठ्ठी मागून घेतली आणि एकेक कप्पा उघडून गोळ्या तपासायला लागली. मोठी समोरच बसली होती. माझी बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी पेल्यात. मला वाटलं, आता ताटं-वाट्या उडतात.

मोठी जागची हलली नाही. धाकटीने चौदाच्या चौदा कप्पे उघडले, गोळ्यांवरचे आकडे चिठ्ठीशी ताडून बघितले आणि पुन्हा एकेक झाकण लावलं. पुरी पंधरा मिनिटं. मोठी तिच्या बोटांकडे बघत होती, चिठ्ठी तपासताना बघते तशी.

"बरोबर आहेत?" शेवटी मोठीने विचारलं.

धाकटीने एकही गोळी न बदलता डबा आईच्या हातात दिला. "आई, बुधवारची संध्याकाळची जेवणाआधी घ्यायची आहे," ती म्हणाली, आणि पेले उचलून धुवायला घेऊन गेली.