शाकिरची खुर्ची

शारजा औद्योगिक क्षेत्रातील आमच्या सुतारखान्यात साध्या वस्तूला गिऱ्हाईक नव्हते. खपत ते सोफे, द्राक्षवेलींनी मढवलेले आणि वर सोनेरी रंग दिलेले. वेली मी कोरत असे. कोणी न सांगता कोरल्यामुळे माझी दोन कामे परत आली होती. मालकाने बजावले होते, "अजून एक तक्रार, की खलास. व्हिसा कॅन्सल." गावी मुलीचे शिक्षण अजून अर्धे व्हायचे होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास एका अमेरिकन बाईंनी स्वतः रंगवलेले जलरंगातील चित्र आणले. एक खुर्ची, एक मेज, मागे पांढरी भिंत. अशीच खुर्ची हवी, एवढेच त्या म्हणाल्या. कोपऱ्यात पेन्सिलीने एक इंग्रजी शब्द होता. पॉलिश करणाऱ्या पठाणाने तो वाचला.

"शाकिर. मेमसाब का खाविंद होगा. पीठ पे नाम डाल दे, खुश हो जाएगी."

"उसने बोला नहीं."

"अरे कोकणी, हर बात बोली जाती है क्या?"

त्याने खडूने अरबी अक्षरे लिहिली. ती मी पाठीच्या वरच्या पट्टीवर कोरली. वेल कोरली नाही. तो मला संयम वाटला.

बाई आल्या. मालक शेजारीच उभा होता. त्याने पट्टीवरचे नाव वाचून दाखवले.

"हा शाकिर कोण?" बाईंनी विचारले.

मग त्यांनीच उलगडा केला. तो शब्द शेकर होता. अमेरिकेतील एका धर्मपंथाचे नाव. अशा खुर्च्या त्यांच्याच; ते लोक लाकडावर नक्षी करीत नसत. मालकाने माझ्याकडे पाहिले.

"मैंने किया," मी म्हणालो.

बाईंनी पठाणाला शब्दाचा अर्थ विचारला. "शुक्र करनेवाला," तो म्हणाला. म्हणजे कृतज्ञ. त्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग मालकाला म्हणाल्या, "तक्रार नाही. पट्टी बदला, पण यांच्याच हातून." आणि चित्र माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "आधी हे नीट पाहा."

तोवर मी ते फक्त मोजले होते. आता पाहिले. पाय खाली जाताना किंचित निमुळते होत होते. पाठीची प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीहून जराशी रुंद होती. भिंतीवर रंग जवळजवळ नव्हताच. कागदच उजेड झाला होता. त्या खुर्चीतून काढून टाकावे असे काही उरले नव्हते, आणि घालावे असेही काही नव्हते.

नोकरी राहिली. मुलगी शिकली. देश सोडताना बाईंनी ते चित्र मला दिले. त्याला मी चौकट केली. तिची वरची बाजू म्हणजे ती बाद झालेली पट्टी. उरलेल्या तिन्ही कोऱ्या आहेत.

घरी येणारे विचारतात, वर काय लिहिले आहे?

नाव, मी सांगतो.

कोणाचे?

माझे.