मामांच्या यंत्रात गावाची साखर

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या मामांनी, रहिमतपुरात जितक्या माणसांचं रक्त काढलंय तितक्या शत्रूंचंही पलटणीत असताना काढलं नसेल. त्यात माझंही आहे, आणि तिथं चूक माझीच. स्टँडवर गरम जिलेबी खाऊन मी त्यांच्याकडे गेलो. बोटं रुमालाला पुसली की स्वच्छ होतात, अशी माझी पन्नाशीपर्यंतची समजूत. त्यांच्या रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर असा काही आकडा आला की मामांनी चष्मा काढून विचारलं, "जावईबापू, विमा काढलाय न्हवं?" मी मनातल्या मनात घराची वाटणीसुद्धा उरकली. मग त्यांनी माझं बोट नाकाशी नेऊन हुंगलं. "ही तुमची न्हाई, हलवायाची साखर हाय. जावा, हात धुऊन या."

मामांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी, मग टोचणी आणि मग आकडा बघून चहा. आकडा जास्त निघाला तर समोर ठेवलेली बिस्किटांची बशी ते निर्विकारपणे उचलून नेतात; कमी निघाला तर बोलूही न देता तोंडात गुळाचा खडा सारतात. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले, विजेचं रीडिंग घ्यायला आलेला, कुणी म्हणून सुटलेलं नाही. सुई मात्र माणसागणिक नवी. तिथं पलटणीची शिस्त. समोरच्या भाजीवाल्या रखमाक्काला साखर आहे हे डॉक्टरच्या आधी मामांना कळलं, आणि गोळ्या चालू होईपर्यंत त्यांनी तिच्याकडची भाजी बंद ठेवली होती. ते सगळं खरं. पण यंत्रात घालायच्या पट्ट्या मामांना मिळतात त्या साताऱ्यात, माजी सैनिकांच्या दवाखान्यातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि त्या फक्त त्यांच्या एकट्याच्या बोटापुरत्या. साहजिकच महिना अर्धा सरतो तोच डबी रिकामी.

मागल्या खेपेला सोबतीला मी होतो. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, आमच्या थोरलीच्या वयाच्या. त्यांनी चिठ्ठी लिहायच्या आधी मामांचं यंत्र मागून घेतलं आणि बटण दाबून मागचे आकडे बघायला सुरुवात केली. एकामागून एक आकडे बघताना त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"आजोबा, सकाळी साठ, लगेच तीनशे वीस, आणि वर पाचशे? तुम्ही चालत आलात कसे? आता इन्सुलिनच सुरू करू या."

मामा खुर्चीत सावधान झाले. "म्याडम, त्यो साठवाला आमचा शेजारचा हमीद हाय, उपाशी हुता. तीनशे वीस ती रखमाक्का. आन् ह्यो वरचा भडका आमच्या जावईबापूंचा."

मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागलो.

"मग यात तुमचा आकडा कुठला?"

"आमचा न्हाई त्यात," मामा पंख्याकडे बघत म्हणाले. "सोताच्या बोटाला टोचाय गेलं की हात कापतोय."

बाई हसल्या नाहीत. या महिन्याची चिठ्ठी त्यांनी दिली. पण रोज सकाळचा आकडा मामांचा स्वतःचाच हवा, नाहीतर पुढची चिठ्ठी मिळणार नाही, असं बजावलं. मामांनी चिठ्ठी खिशात ठेवली ती एखाद्या गुन्हेगाराला जामीन मिळावा तशी.

त्या रात्री आम्ही दोघं नवराबायको मामांकडेच राहिलो. सकाळी मामा ओट्यावर यंत्र मांडून बसले. टोचणी बोटाला लावली, काढली. चहा घेऊ म्हणाले. चहा झाला, पेपर आला. मग आजचा वार चांगला नाही, असं काहीसं पुटपुटले. तेवढ्यात शेजारचा हमीद शिंपी नेहमीप्रमाणे बोट पुढं करत आला.

"आजपास्नं बंद," मामा म्हणाले. "पट्ट्या माझ्या एकट्याच्या हायत्या."

"मग टोचा की."

हमीदनं त्यांचं तोंड बघितलं आणि टोचणी काढून घेतली. "आवं, आख्ख्या गावाला भोकं पाडली तवा न्हाई कापला त्यो हात? आणा हिकडं. माजा जलम सुई धरण्यात गेलाय."

त्यानं मामांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. मामांनी डोळे गच्च मिटले, पायाची बोटं आवळली.

"झालं?"

"कवाच झालं. एकशे बावन्न. गूळ बंद करा."

मामांनी डोळे उघडले, पण हात काही लगेच मागं घेतला नाही. हमीदही तसाच बसून राहिला, उसाच्या वाहतुकीबद्दल काहीबाही बोलत. आता तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येतो, आणि मामांची चिठ्ठी चालू आहे.

त्या दिवशी परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "एवढा पलटणीतला माणूस, आणि सुईला भितो."

कोरेगाव मागं पडल्यावर बायको म्हणाली, "मामी होती तेव्हा तीच टोचायची. मामा हात तिच्या मांडीवर टाकून पेपर वाचत बसायचे. टोचलेलं त्यांना कळायचंही नाही."