‘पीएचडी झाली, पुढं काय?’ विचारणारा अस्लम

‘अस्लम सर गेले.’ रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या गणित विभागातल्या एका संशोधक मुलीनं ग्रुपवर एवढंच लिहिलं. मी मंगळवार पेठेतल्या घरी मेथी निवडत बसले होते. मेसेज वाचला आणि मला पहिल्यांदा आला तो राग. मला वाटलं, गेला म्हणजे पुण्याला गेला. नव्या नोकरीवर रुजू व्हायला, मला न सांगता. मी फोन उपडा ठेवला आणि पुन्हा जुडी हातात घेतली. चार-पाच मिनिटांनी पाहिलं, तर खाली ओळीनं जोडलेले हात... आणि एकानं लिहिलं होतं, ‘दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन, हुपरी.’ ते वाचूनही डोकं चालेना. मी त्यालाच फोन लावला. अस्लमच्याच नंबरवर. बराच वेळ रिंग वाजली, मग कुणीतरी उचलला आणि मागून बायकांचं रडणं ऐकू आलं.

अस्लम मुजावर आणि मी एकाच मार्गदर्शकांकडे पीएचडी केली. मी दोन वर्षं पुढे, म्हणून मी त्याची ताई. हुपरीत त्याच्या घरी तीन पिढ्या चांदीच्या पैंजणांचं काम. त्या घरातला तो पहिला पदवीधर, आणि थेट डॉक्टरच झाला. गल्लीत सगळे ‘डाक्टर’ म्हणायचे. एक म्हातारी तर दर सणाला गुडघा दाखवायला यायची आणि हा बिचारा तिला गरम पाण्यानं शेकायला सांगायचा. मला विभागात कायमची जागा मिळाली, त्याला मिळाली नाही. हुशारीत फरक असलाच तर तो त्याच्या बाजूनं होता. जागा निघाली तेव्हा मी रांगेत पुढे उभी होते, एवढंच. तो तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. तास असला तर काम, सुट्टी लागली की घरी. सकाळी एक कॉलेज, दुपारी आमचा विभाग, मध्ये मोटारसायकल.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडच्या एका मुलीनं चार वर्षांचं काम टाकून प्रबंध सोडला. तिच्या घरचे विचारत होते, हे झाल्यावर काय. अस्लमला ते फार लागलं. म्हणाला, “ताई, ह्या पोरांना बाहेर काय काय हाय, हे कुणी सांगतच न्हाय. आपण सांगूया की.” गणितात पीएचडी करून कॉलेजच्या बाहेर पोट भरणारी चार माणसं बोलवायची, त्यांना समोर बसवायचं आणि पोरांनी हवं ते विचारायचं, अशी त्याची कल्पना. विभागप्रमुख हसले. “म्हणजे इथं नोकऱ्या नाहीत, हे सांगायला आपणच कार्यक्रम घ्यायचा?” अस्लम शांतपणे म्हणाला, “व्हय सर. ते त्यांना ठावं हायच. पुढचं सांगायचंय.”

ते चार जण मिळवताना त्याची दमछाक झाली. एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाचं नियोजन बघणारे एक गृहस्थ फोन उचलायचे नाहीत. हा तीनदा गेटवर जाऊन उभा राहिला. एक बँकेतला, एक ऑनलाइन शिकवणारा. चौथी वृषाली, आमच्याच विभागातून गेलेली, आता पुण्यात एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती म्हणाली, “मी काय सांगणार? मी तर गणित सोडलं म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली.” तो म्हणाला, “तेच सांगा.” पोस्टरवर ‘करिअर मार्गदर्शन’ वगैरे काही नको म्हणून त्यानं स्वतः नाव दिलं... ‘पीएचडी झाली, पुढं काय?’

मार्चमधल्या एका शनिवारी तो कार्यक्रम झाला. संशोधक विद्यार्थी मोजकेच, पण कुणी जांभई दिली नाही. पाहुणे मोकळेपणानं बोलले. मग मागच्या बाकावरून गडमुडशिंगीची एक मुलगी उभी राहिली आणि पाहुण्यांना सोडून कडेला उभ्या असलेल्या अस्लमलाच तिनं विचारलं, “सर, तुम्हाला हे सगळं माहीत होतं. मग तुम्ही का थांबला?” मला वाटलं, हसण्यावारी नेईल. तो पुढे आला, माइक न घेता म्हणाला, “भीतीनं थांबलो. दरसाल वाटायचं, पुढल्या वर्षी जागा निघंल. कागदावर सिद्धता दिसल्याबिगर मी काय मानत न्हाय, आणि स्वतःच्या बाबतीत नुसत्या आशेवर ऱ्हायलो. तुम्ही तसं करू नका.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वृषाली मात्र त्याच्याकडे बघत राहिली होती.

पंधरा दिवसांनी चहाच्या गाड्यावर त्यानं मला सांगितलं की वृषालीच्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं, मुलाखत झाली, त्यांनी घेतलंही. मी अभिनंदन करायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “म्हणजे हा सगळा खटाटोप तू स्वतःसाठीच केलास तर.” आज लिहितानाही हात अडतो. आपण ज्याला रांगेत मागे टाकून आलो, तो आपल्या सावलीतून निघून चालला, याचा तो राग होता, हे मला तेव्हा कळलं नाही. अस्लमनं ग्लास खाली ठेवला. “तसं न्हाय ताई,” एवढंच म्हणाला. मी निघून आले. मग सहा दिवस आम्ही बोललो नाही. शुक्रवारी त्याचा मेसेज आला, ‘रविवारी घरला या की. जेवूया, बोलूया.’ मी वाचला. उत्तर दिलं नाही.

रविवारी मी हुपरीला गेले खरी. वाटेभर मला वाटत होतं, काहीतरी घोटाळा झाला असेल, दुसरा कुणी अस्लम असेल. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, सुपारीचंही व्यसन नाही. सकाळी चहा घेतला, छातीत जड वाटतंय म्हणाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. पुरुष त्याला दफनासाठी घेऊन निघून गेले. मी आत बायकांत, त्याची बायको शाहीन हिच्या शेजारी बसून राहिले. मला रडू येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून मोठं पातेलं दिसत होतं, त्यात भिजवलेले तांदूळ. पाहुणी येणार म्हणून सकाळीच भिजत घातलेले... मी येणार आहे असं तो घरात सांगून बसला होता.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. अस्लमचे अब्बा दारातच भेटले. चांदीच्या कामानं काळी पडलेली बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. म्हणाले, “या बाई. पोरगं जाणार हुतं पुण्याला. म्या म्हनलं, जा. पैंजणांचं काम म्हातारपणीबी म्याच बघतो.” शाहीननं मला आत नेलं. मी तिला सगळं सांगितलं, गाड्यावर काय बोलले तेसुद्धा. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे ताई, त्यांच्या मनात काही नव्हतं. ती म्हणाली, “सांगितलं हुतं त्यांनी. दोन दिस जेवले न्हाईत धड. मग म्हणाले, ताईचं थोडं खरं हाय. पोरांसाठी केलं, पण आतनं मलाबी जायचंच हुतं.” तिनं माझ्या हातावर हात ठेवला नाही, तोंडही फिरवलं नाही. चहा टाकला आणि साखर किती विचारलं.

विभागात तासिकेवरच्या शिक्षकांना टेबल नसतं. अस्लम व्हरांड्यातल्या खिडकीच्या रुंद कठड्यावर पिशवी ठेवायचा आणि तिथंच उभा राहून वह्या तपासायचा, पोरांची गणितं सोडवायचा. माझं अर्धं टेबल घे, असं मी कधी म्हटलं नाही... आता आठवून पाहते, तर खरंच एकदाही नाही. परवा दुपारी व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या कठड्यापाशी उभी राहिले. तिथं दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. पाचव्या वहीला मान अवघडली, आठव्या वहीला कंबर भरून आली. आत माझी खुर्ची रिकामी होती. मी गठ्ठा संपेपर्यंत उभी राहिले.